घोड्यालाही आणावे

डिसेंबरात सांगलीला कशाला गेला होतात, असं शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी हवापालटासाठी असं सांगितलं. पुण्याच्या माणसाने ऐन थंडीत हवा पालटायला सांगलीला जावं हे कुणालाच पटलं नाही, पण सभ्यपणामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. आता सगळं निस्तरलं आहे, तेव्हा खरं कारण लिहायला हरकत नाही. मी दुसऱ्याची वस्तू परत करायला गेलो होतो.

अकरा वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका जहागिरदारांच्या पोथीखान्यातून मी एक पोथी पंधरा दिवसांसाठी मागून आणली होती. जहागिरदारांचं नाव लिहीत नाही; ते छापलेलं पाहण्याची त्यांना फार हौस आहे आणि ती भागवायला दुसरे लोक पुष्कळ आहेत. त्यांचे पणजोबा मात्र वेगळे होते. मोहिमेवरून परतताना इतर सरदार जवाहीर आणत, हे गृहस्थ पोथ्या आणत. त्यामुळे त्या घरात जवाहीर बेताचं आणि हस्तलिखितं सातशेच्या वर आहेत. पोथी उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हा त्या पणजोबांचाच नियम.

तो नियम माझ्यासाठी मोडला तात्यांनी. तात्या म्हणजे पोथीखान्याचे कारभारी. चाळीस वर्षं त्या पोथ्यांना वाळवीपासून, उंदरांपासून आणि मालकांच्या पाहुण्यांपासून त्यांनी जपलं. मी मागितलेली पोथी घोड्यांच्या वैद्यकावरची होती : वर संस्कृत श्लोक, खाली मराठी टीका, एकशे बारा सुटी पानं. चाळीस वर्षांत ती मागणारा मी पहिलाच म्हणून म्हातारा हरखला आणि पोथी माझ्या हाती देऊन बसला.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले तोवर परत करणं सोपं होतं. वर्ष झालं तेव्हा दिलगिरीचं पत्र लागलं असतं. तीन वर्षांनी पत्र पुरलं नसतं. पुढे पुढे तर मी सांगलीकडच्या माणसांशी बोलणंही टाळू लागलो. निबंध लिहायचा होता तो लिहिला नाही. नक्कल करायची होती ती तिसाव्या पानावर थांबली. दर दसऱ्याला आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, सरस्वतीपुढे पुस्तकं मांडताना पोथीचं ते लाल फडक्याचं बासन हातात घेऊन विचारायची, "ही लोकांचीच ना अजून?" मी हो म्हणायचो. मग ती पोथी पाटावर मांडायची, पण जरा कडेला.

तात्यांनी अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. लिहिली ती या डिसेंबरात. जहागिरदारांच्या एकसष्टीनिमित्त पोथीखाना नव्या काचेच्या कपाटांत जाणार होता, त्या समारंभाचं छापील निमंत्रण आलं. लढाई नुकतीच संपलेली, शाळेत पोरांना वह्या मिळेनात, आणि हे कार्ड इतकं जाड की त्यावर बसून जेवता यावं. त्याच्या कडेला मोडीत तीन ओळी होत्या. मोडीत अशासाठी, की जहागिरदारांच्या नव्या चिटणीसांना इंग्रजी तेवढं येतं.

"प्रत्येक पोथी यादीबरहुकूम उघडून पाहणार आहेत. मंगळवारपर्यंत मला लांबवता येईल. आपण यावे, घोड्यालाही आणावे."

एवढंच. रागाचा शब्द नाही. मी ते तीनदा वाचलं आणि त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. पोथी जागेवर नसली तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. माझं नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं. अब्रू जाणार होती ती तात्यांची.

वाई

सांगलीला जायचं तर आधी वाईला का गेलो, याचंही उत्तर लाजिरवाणंच आहे. मागून आणलेल्या पोथीतली सात पानं मी पुढे दुसऱ्याला दिली होती. वाईचे विनायकभटजी माझे शाळासोबती. घोड्याच्या पोटदुखीवरच्या औषधांची नावं मला लागेनात, तेव्हा ती पानं मी त्यांच्याकडे नेऊन दिली. त्यालाही सात वर्षं झाली होती.

शनिवारी दुपारी मोटारीतून उतरलो तो थेट घाटावर. कृष्णेला पाणी बेताचं, पण असं गार की पाय बुडवले तर गुडघ्यापर्यंत झिणझिण्या आल्या. पुण्यात आम्ही नदीकडे पुलावरून पाहतो; वाईत माणसं नदीशेजारी राहतात, धुणं, संध्या आणि भांडण तिन्ही तिच्या पायऱ्यांवर करतात. विनायकभटजी तिसऱ्यात गुंतलेले होते. मला पाहून त्यांनी ते अर्ध्यावर सोडलं.

"पानं?" घरी आल्यावर ते म्हणाले. "कसली पानं?"

"घोड्याची. सात. चाळीस ते सेहेचाळीस."

"ती तर मी तुला परत दिली."

"दिली नाहीस."

"मग असतील." आणि त्यांनी शांतपणे सुपारी कातरायला घेतली.

वहिनींनी कोनाडे पाहिले, मी पेटी पाहिली, माळ्यावरची जुनी पत्रं काढली. चारपर्यंत माझ्या अंगावर वाईतली सगळी धूळ बसली होती. वहिनींनी भरल्या वांग्याबरोबर भाकरी वाढली. वांगी कृष्णाकाठची, बी कमी आणि चव अशी की पुण्याची वांगी ही निराळीच भाजी वाटावी. पण माझं लक्ष कुठे होतं. जेवण झाल्यावर भटजी संध्याकाळच्या पाठासाठी देवीची पोथी काढून बसले. रिकामे हात म्हणून मी तिची पानं चाळली. एकतिसावं पान झालं आणि त्याच्या खाली चाळिसावं निघालं. त्यावर माझ्या घोड्याचं पोट फुगलं होतं.

सातही पानं तिथे होती. आकार तोच, अक्षर जवळपास तेच, कुणी तरी पोथ्या आवरताना एकात एक मिसळल्या होत्या.

"अरे, सात वर्षं तू हे देवीपुढे वाचतोयस?"

"वाचतो कुठे? मला सगळं पाठ आहे," भटजी म्हणाले.

"मग पानं कशाला उलटतोस?"

"यजमानाला किती राहिलं ते दिसायला नको?" त्यांनी जरा हिशेब केला. "सात पानं जास्तच उलटली म्हणायची. यजमानाचं त्यात नुकसान काही नाही."

सात वर्षं वाईतल्या देवीपुढे घोड्याच्या पोटशुळावरचा इलाज उलटला जात होता, आणि देवीने तक्रार केली नव्हती. मी पानं पोथीत घातली, एकशे बारा भरली ती दोनदा मोजली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोपलो.

साताऱ्याहून कोरेगाव

रविवार साताऱ्यात काढला. साताऱ्याचे पेढे, साताऱ्याचा किल्ला आणि साताऱ्याचा चढ यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. पहिल्या दोहोंबद्दल ते खरं आहे आणि तिसऱ्याबद्दल कमी आहे. सोमवारी सकाळी कोरेगावच्या मोटारीत बसलो. तिथे आगगाडी धरली की संध्याकाळी सांगली, असा बेत.

मोटार कोळशावर चालणारी. लढाईने पेट्रोल खाल्लं तेव्हापासून या गाड्यांच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी बसली आहे, आणि प्रवाशांपेक्षा तिची बडदास्त जास्त. बाक अरुंद, म्हणून पोथीचं बासन मी पायांशी ठेवलं. समोरच्या बाकावर एक चाळिशीची शेतकरीण होती. कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर रिकामी टोपली. ती बराच वेळ बासनाकडे पाहत होती.

"गुरुजी, पोथी हाय न्हवं ती?"

"हो."

"आन पायापाशी ठिवली?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहू लागली. तीस वर्षं मी पोरांना संस्कृत शिकवतो. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काही बोलण्याच्या आत तिने बासन उचललं, कपाळाला लावलं आणि टोपलीत ठेवून वर पदर घातला. "मी धरते. तुमी बसा निवांत."

मी निवांत बसलो. तिथेच चुकलं.

माहुलीच्या पुढे चढ लागला आणि गाडी थकली. कंडक्टर खाली उतरून भट्टीत कोळसा टाकू लागला. "अर्धा घंटा लागंल," तो म्हणाला. मी झाडाखालच्या दुकानात गुळाचा चहा प्यायला गेलो. तिथे एक जण लढाई आपल्याच पुतण्यामुळे कशी जिंकली ते सांगत होता, आणि ते ऐकण्यासारखं होतं. भोंगा वाजला तेव्हा धावत येऊन मिळाली ती पुढची जागा धरली. बाई मागे असेल असं मानलं. कोरेगावला उतरून पाहतो तो मागे कुणीच नाही.

"ती टोपलीवाली बाई?" मी कंडक्टरला विचारलं.

"ती? ती तितंच उतरली की, चढावर. तिचं गाव हाय खाली." मग त्याने कपाळाला हात लावला. "आवं, ती म्हणली व्हती मला. गुरुजी दिसत न्हाईत, भट्टीच्या ठिणग्या उडत्यात, बाकावर पोथी कशी ठिवू. घरी नेते, त्यास्नी मागनं येऊ दे. इसरलोच बघा."

"मला बोलवायचं होतंस की."

"तवा मी भट्टीचा पंखा फिरवत व्हतो. पंखा फिरवताना माणसाला दुसरं काय सुचत न्हाई."

तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. स्टेशनात गाडीने शिट्टी दिली आणि ती माझ्यावाचून सांगलीला निघून गेली. मी पिशवीवर बसलो. अकरा वर्षं जी पोथी माझ्या कपाटात हललीसुद्धा नाही, ती पेलाभर चहापायी गेली होती. उद्या तपासणारे यादीतला आकडा वाचतील आणि तात्यांकडे पोथी मागतील. पुढचं मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. पोथी विसरलो असतो तर वाईट वाटलं असतं. मी ती सांभाळायला दिली होती, हे त्याहून वाईट होतं.

उसाच्या रानातलं गाव

गुळाच्या ढेपा पोचवून रिकामी परतणारी एक बैलगाडी मला तिथवर घेऊन आली. चढापाशी उतरलो आणि उसातल्या पायवाटेने निघालो. गावाच्या अलीकडे गुऱ्हाळाचा धूर दिसला, रस उकळल्याचा वास आला. चुलवणापाशी उभ्या असलेल्या माणसाला मी विचारलं, पोथी घेऊन कुणी बाई आली का.

"व्हय तर," तो म्हणाला. "तानूबाईच्या घरी पोथी आलीया."

पोथी आपल्या पायांनी आल्यासारखं तो बोलला. सकाळपासून ती बातमी गावभर झालेली होती.

तानूबाईचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेला ओटा. आत देवापुढे चौरंग मांडलेला, त्यावर पोथी. बासनावर हळद, कुंकू, झेंडूची दोन फुलं. पोथीखान्याच्या पोथीला कुंकू लागलेलं पाहून मी आधी बासनाची गाठ पाहिली. ती माझीच होती. सोडून मोजलं. एकशे बारा. मी भिंतीला टेकून खाली बसलो. तानूबाईने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला.

"लय घाबरलासा व्हय, गुरुजी? मी सांगावा धाडला व्हता की."

"पोचला. जरा उशिरा." मी बासन उचलायला हात पुढे केला. तिने चौरंग अलगद मागे सरकवला.

"वाचल्याबिगर कशी नेता? घरात पोथी आली ती तशीच गेली, तर लक्षुमी म्हणंल काय?"

"बाई, ही देवाची पोथी नाही. घोड्यांची आहे."

"घोड्यांची म्हंजे?"

"घोडं आजारी पडलं तर काय करावं, त्याची."

मला वाटलं आता सुटका झाली. तिने ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "मामंजी, आवं, तुमचीच पोथी हाय ही."

ओट्यावर ऊन खात बसलेला म्हातारा आत आला. बळवंतनाना, तिचे सासरे. जुन्या रिसाल्यात सालोत्री होते, म्हणजे फौजेतले घोड्यांचे वैद्य. मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. त्यांनी पोथीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कितव्या रिसाल्यात व्हता तुमी?"

"मी शाळेत आहे."

"मग घोड्याची पोथी कशापायी?"

चारच्या सुमाराला गुऱ्हाळावरची माणसं हात धुऊन येऊन बसली. तानूबाईने नारळ फोडला, नाना चौरंगाशेजारी बसले, आणि मी वाचायला लागलो. आधी श्लोक, मग टीका. माझ्या व्याख्यानांना पुण्यात जी मंडळी येतात त्यांतली निम्मी घड्याळाकडे पाहतात. इथे घड्याळ नव्हतं आणि कुणी हललं नाही. घोड्याच्या अंगावरचा कुठला भोवरा शुभ आणि कुठला वाईट हे आलं तेव्हा माना डोलल्या. "बैलाचं बी तसंच हाय," एक जण म्हणाला. "गड्या, तुझ्या बैलाच्या कपाळावर हायच की तो," दुसरा म्हणाला, "म्हणून तर तू असा." सगळे हसले. तानूबाईने त्यांना पोथीपुढे हसू नका म्हणून दटावलं.

मग वाईची सात पानं आली. पोट फुगलेल्या घोड्याच्या कुशीला कान लावावा. आत गडगड ऐकू येईल तर आशा आहे. न येईल तर घाई करावी. हिंग चार तोळे...

"थांबा," नाना म्हणाले. "हिंग किती?"

"चार तोळे."

"न्हाई. घोडं मरंल. निम्मा द्यायचा."

पोथी चुकीची आहे असं सांगणं श्रोत्यांना आवडलं नाही. तानूबाईने तर जीभ चावली. मी पान उजेडाकडे धरलं. समासात बारीक काळ्या शाईने काही तरी खरडलेलं होतं. ते मी पहिल्या वर्षीच पाहिलं होतं आणि कुणा शिकाऊ लेखकाची गिरवागिरव म्हणून सोडून दिलं होतं. आता अक्षर लावलं. "अर्धा द्यावा."

मी ते मोठ्याने वाचलं. नानांना मुळीच नवल वाटलं नाही.

"लिवनाराला ठावं असंल तर," ते म्हणाले. "त्याचं एक घोडं मेलं असंल."

दोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस पहिल्यांदाच मला माणूस वाटला. समासात लिहिणाऱ्याच्या दावणीला एक घोडा कमी झाला होता, आणि ते विद्वानांतल्या कुणाला कळलं नाही. कळलं ते बसऱ्याच्या सालोत्र्याला. पुढे जिथे जिथे समासात अक्षर दिसलं तिथे मी थांबून विचारलं आणि नानांनी उत्तरं दिली. कधी "बरोबर," कधी "हे कुनी ऐकीव लिवलंय." मी पेन्सिलीने सगळं वहीत उतरवलं. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा साठ पानं झाली होती. तानूबाईच्या समाधानासाठी शेवटचं पान वाचलं आणि पोथीने निरोप घेतला.

सकाळी निघताना तिने ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि केळीच्या पानात गूळ बांधून दिला. पुण्यात आमचा गूळ म्हणजे वाणी हातोडीने फोडतो तो. हा कोमट होता आणि बोटाने निघत होता. खर्ड्याबद्दल लिहीत नाही. तो आठवला तरी डोळे भरून येतात.

"कुनाची पोथी ही?" तिने विचारलं.

"सांगलीच्या एका पोथीखान्याची. माझ्याकडे अकरा वर्षं होती."

"आन वाचली किती येळा?"

"अशी? काल पहिल्यांदा."

नानांनी बासन माझ्या हातून घेतलं, माझी गाठ सोडली आणि दुसरी मारली. "ही घोड्याची गाठ. कितीबी हिसकली तरी सुटायची न्हाई, आन शेंडा ओढला की सुटंल. तुमची गाठ म्हंजे नुसता गुंता व्हता."

माधवनगर, आणि पुढे सांगली

मंगळवारी दुपारी सांगलीच्या अलीकडे माधवनगरला आगगाडीतून उतरलो. गिरणीचा भोंगा वाजत होता. टांगेवाल्याला जहागिरदारांचं घर सांगताच तो म्हणाला, "कमानीचं व्हय?" अलीकडे त्या घराची तीच ओळख झाली होती. फाटकावर बांबूची कमान, तिच्यावर मालकांची मोठी तसबीर, तिच्यावर विजेचे दिवे. पोथ्यांचं नाव कमानीवर कुठे नव्हतं. आत बँडवाले सलामीची सुरावट घोटत होते. दिवाणखान्यात मालक जरीच्या पगडीत खुर्चीवर बसलेले, मांडीवर पोथी, समोर फोटोग्राफर.

"पाहू कुठे?" मालक विचारत होते.

"पानाकडे, सरकार."

"किती वेळ?"

मला टायवाल्या चिटणीसांनी अडवलं. कार्ड दाखवलं तेव्हा सोडलं. भिंतीला नवी सागवानी कपाटं होती आणि त्यांत पोथ्या बासनांच्या रंगाप्रमाणे लावल्या होत्या. ज्योतिष आणि पाकशास्त्र एका कप्प्यात आलं होतं, कारण दोन्ही हिरवी. ही कल्पना चिटणीसांची, हे न विचारता कळलं.

तपासणी मागच्या चौकात चालली होती. पोथ्या कपाटात जाण्याआधी त्यांना ऊन दाखवायचं, हा तात्यांचा हट्ट मान्य झाला होता. घोंगड्यांवर बासनं मांडलेली, मध्ये बाहेरगावचे एक पंडित यादी घेऊन, आणि त्यांच्यासमोर तात्या. अकरा वर्षांत ते निम्मे झाले होते. एका पोथीचं शेवटचं पान ते वाचत होते : लिहिणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं, गुरूचं, गावचं, नदीचं, तिथी, वार, नक्षत्र, आणि चूकभुलीबद्दल क्षमा मागणारे चारही श्लोक, सावकाश, चालीवर.

"शास्त्रीबुवा, हे प्रत्येक पोथीचं ऐकायलाच हवं का?" पंडित तात्यांना म्हणाले. "दोन दिवसांचं काम चौथ्या दिवसावर आलं."

"लिहिणाऱ्याने वर्षभर मान मोडली. आपण श्लोकभर थांबू नये?" तात्या म्हणाले आणि त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. मी उभा होतो. त्यांचा आवाज हलला नाही. श्लोक पुरा झाला, पान पानावर ठेवलं, मग ते उठले.

"ऊन सरकलं. राहिलेल्या पोथ्या सरकवायला हव्यात. मास्तर, आलाच आहात तर जरा हात लावता?"

मी हात लावला. सात-आठ बासनं इकडून तिकडे गेली, त्यांत माझं एक तिकडे गेलं आणि तसंच लाल एक तात्यांच्या उपरण्याखाली आलं. अकरा वर्षं ज्या क्षणाला मी भीत होतो तो शिंकेएवढासुद्धा टिकला नाही.

तासाभराने पंडितांनी आकडा वाचला. "अश्ववैद्यक. पानं एकशे बारा." पंडितांनी बासनाचा शेंडा ओढला. गाठ एका ओढीत सुटली. "वा. बाकीच्या गाठींनी नखं गेली माझी." मग ते वाकले. "हे काय? कुंकू? आणि ओलं फूल?"

चिटणीस पुढे आले.

"पूजा झालेली दिसते," तात्या म्हणाले. त्यांनीही ते आत्ताच पाहिलं होतं, आणि हे वाक्य तर अगदी खरं होतं.

पंडितांनी पानं मोजली. पुरी भरली. त्यांनी यादीत खूण केली आणि पुढचा आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी समारंभात मालकांनी जाहीर केलं की आमच्या घरी प्रत्येक पोथीची रोज ताज्या फुलाने पूजा होते, आणि टाळ्या पडल्या. तानूबाईच्या झेंडूला एवढा मान कुठे मिळाला नसता.

त्या मंगळवारच्या संध्याकाळी तात्या आणि मी कृष्णेच्या काठी बसलो. मी वही काढून समासातल्या सुधारणा आणि नानांची उत्तरं त्यांना वाचून दाखवली. हिंगाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे ती गिरवागिरव नव्हे," ते म्हणाले. "मीही तसंच समजत होतो." माफीची जी वाक्यं मी पुण्याहून जुळवून आणली होती ती त्यांनी बोलू दिली नाहीत.

"तुम्ही एक पत्र टाकलं असतं तर मी पहिल्याच वर्षी धावत आलो असतो," मी म्हणालो.

"पत्र आवकजावकीच्या वहीत चढतं. चढलं की पोथी बाहेर गेली हे सिद्ध झालं." ते म्हणाले. "आणि तुम्ही आणाल हे मला ठाऊक होतं. किती वर्षांनी, तेवढं ठाऊक नव्हतं. म्हणून ही तजवीज." त्यांनी उपरण्याखालचं बासन माझ्या मांडीवर ठेवलं.

मी सोडलं. आत जुनी पंचांगं होती. जागा रिकामी दिसू नये म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी त्या वर्षाचं पंचांग बांधून ठेवलं होतं; दर वर्षी ऊन दाखवताना त्यात एकाची भर टाकली होती. एकूण अकरा.

"आरंभी फार बारीक दिसायचं," तात्या म्हणाले. "आत पुठ्ठे घालावे लागले. अलीकडे चांगलं भरलं होतं. आणखी दोन वर्षं लावली असती तुम्ही, तर तुमच्या घोड्याहून जाड झालं असतं." मग अगदी सहज म्हणाले, "बैलांवरची एक आहे. ते तुमचे नाना पाहतील का? पंधरा दिवसांसाठी..."

"नाही," मी म्हणालो. "नानांनाच इकडे आणतो."

तात्या हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

घरी परतलो तेव्हा मंडळींनी पिशवी रिकामी केली आणि लाल बासन पाहून कपाळाला हात लावला. "परत आणलीत?"

"नाही. ती पोचली. ही आपली आहे."

तिने गाठ सोडली, एकेक पंचांग उलटून वर्ष पाहिलं, आणि सगळी पुन्हा नीट रचली. "जुन्या पंचांगांचं करायचं काय?"

"दसऱ्याला मांडू," मी म्हणालो. "मधोमध."